काचेवर ओल्या रंगात लघुपट: आठ ओळींच्या कवितेसाठी रंग, काच, उजेड आणि हिशोब

निळी_काच

बालकवींच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेवर दोन मिनिटांचा, हाताने रंगवलेला ॲनिमेशनपट करायचा आहे. पद्धत ठरली आहे: खालून उजेड दिलेल्या काचेवर ओला रंग, एक फोटो, रंग थोडा सरकवायचा, पुन्हा फोटो. संगणकावर फक्त जुळणी आणि आवाज. हाताशी फुल-फ्रेम कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि ए३ कागदाएवढं चित्र मावेल एवढी जागा आहे. रंगवणारं माणूस एकच.

अडलंय ते असं. एका दृश्याला तीन-चार दिवस लागणार, तेवढा वेळ तेलरंग ओला कसा ठेवायचा? चाचणीत पायवाट टिटॅनियम व्हाइटने काढली तर फोटोत ती मळकट करडी येते, हे का? सगळ्या सेटिंग मॅन्युअल असूनही चाळीस फोटो सलग चालवले की उजेड लुकलुकतो. आणि एकूण चित्रांचा हिशोब कुठून सुरू करायचा, कवितेच्या ओळींपासून की दोन मिनिटांपासून? कवितेसाठी परवानगी लागते का, तेही सांगा.

दुधी_उजेड

पायवाटेपासूनच सुरू करू, कारण सगळी गोम तिथे आहे. खालून उजेड असलेल्या काचेवर पांढरा हा रंग नसतो, ती पुसलेली जागा असते. टिटॅनियम व्हाइट अपारदर्शक. ते उजेड अडवतं, आणि उजेड अडवणारी कुठलीही गोष्ट कॅमेऱ्याला काळपटच दिसते. कॅडमियमचे पिवळे-लाल, येलो ऑकर, सगळ्यांचं तेच होणार. इथे चालतात ते पारदर्शक रंग: अल्ट्रामरिन, थॅलो निळा आणि हिरवा, व्हिरिडियन, ॲलिझरिन किंवा क्विनाक्रिडोन, ट्रान्सपरंट ऑक्साइड ब्राउन. ट्यूबवर पोकळ चौकोन असेल तर रंग पारदर्शक, भरलेला काळा चौकोन असेल तर अपारदर्शक, अर्धा असेल तर अधलामधला. पांढरा घ्यायचाच तर धुक्यासाठी, तोही नखाएवढा.

हे एकदा पटलं की तुमच्या कवितेचा आराखडा आपोआप पडतो. पहिल्या चार ओळींत झरा, हिरवाळी, गाव, शेतं येतात, म्हणजे काचेवर रंग वाढत जातो. पाचव्या-सहाव्या ओळीत पांढरी वाट त्या हिरव्यातून डोहाकडे निघते, म्हणजे तुम्ही तोच रंग बोटाने पुसत जाता. सातव्या ओळीत काळिमा पसरतो, म्हणजे पुसलेल्यावर पुन्हा रंग चढतो. चढवा, पुसा, झाका. काचेवर हे एका सलग शॉटमध्ये बसतं, मध्ये कट घ्यायची गरजच नाही. नामं मोजून झऱ्याचं एक चित्र, गावाचं एक, झाडाचं एक असं केलंत तर सरकती चित्रपुस्तिका होईल. कवितेतली नजर कुठे थांबत नाही, ती सरकत राहते. ओला रंग या कामाला दुसऱ्या कशापेक्षाही बरा.

पुसताना एक घोळ होतो. बोट फिरवलं की बाजूला रंगाची वरंबी साचते आणि पडद्यावर ती काळी रेघ दिसते. ती वाटेची कड म्हणून ठेवायची, नाहीतर पातळ पॅलेट नाइफने उचलून घ्यायची. कापसाच्या काडीने आधी कोरडं पुसा, मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ निथळलेल्या काडीने. उलट केलंत तर टर्पेंटाइन रंगाखाली शिरतं आणि वाटेला पाय फुटतात.

आता सांगाडा. भोकांचा लोखंडी अँगल, ५ मिमी काच, साईझ ६० बाय ४५ सेंमी, कडा दुकानातूनच घासून घ्या. काचा दोन. वरच्या काचेवर हलणारं, खालच्या काचेवर मागचं: टेकडी, आकाश, दूरचं गाव. दोन्हींत ७ सेंमी अंतर. चिकटवून ठेवल्या तर मध्ये इंद्रधनुषी वळ्या उमटतात, त्या काही केल्या जात नाहीत. ५० मिमी लेन्सने ४२ सेंमी रुंद चित्र पूर्ण चौकटीत यायला कॅमेरा वरच्या काचेपासून साधारण ६३ सेंमीवर लागेल. खालची काच लांब असल्यामुळे तिचा सुमारे ४७ सेंमी भाग दिसेल, तेव्हा मागचं चित्र तेवढं मोठं रंगवा, नाहीतर कडेला उघडा उजेड दिसेल.

ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ २.८ वर ठेवलं तर या अंतराला शार्प पट्टा, म्हणजे रेखीव दिसणारी खोली, सगळा मिळून अडीच-पावणेतीन सेंमीचा असतो, त्यामुळे खालचं गाव छान विरघळतं. एफ ८ वर तो पट्टा साडेसात सेंमीच्या आसपास जातो आणि खालच्या काचेवरची धूळसुद्धा अर्धवट दिसायला लागते.

खाली एलईडी पॅनल, त्यावर १० ते १५ सेंमी उंचीवर दुधी ॲक्रिलिक. ते साईनबोर्ड करणाऱ्यांकडे कापून मिळतं. एलईडीचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या पुढचा घ्या, नाहीतर लाल-तपकिरी मेलेले दिसतात. साध्या काचेला हिरवट झाक असते आणि दोन काचांत ती दुप्पट होते. म्हणून व्हाइट बॅलन्स दोन्ही काचा जागेवर ठेवून, रंग नसताना, एकदाच घ्यायचा आणि पुढे हात लावायचा नाही. एक्स्ट्रा क्लिअर काच मिळाली तर हा त्रासच नाही, पण तेवढ्यासाठी गावभर फिरू नका.

रंग ओला ठेवणं. आधी ट्यूबच नीट निवडा. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते तेल लवकर वाळवतं. अंबर दुसऱ्या दिवशी चिकटायला लागतं. प्रशियन ब्लूही घाईचा. आयव्हरी ब्लॅक, ॲलिझरिन, क्विनाक्रिडोन संथ. जवसाच्या तेलाऐवजी करडईचं तेल घ्या, ते जवसापेक्षा सावकाश वाळतं. हे चित्र भिंतीवर टांगायचं नसल्यामुळे स्वयंपाकघरातलं रिफाइंड करडईही चालतं. न वाळणं हाच इथे गुण. याउपर चमचाभर रंगाला लवंगेच्या तेलाचा एक थेंब. दोन थेंबांपुढे गेलात तर रंग ओघळतो, शिवाय लवंगेचं तेल खालचा अर्धवट वाळलेला थर सोडवतं. हे मिश्रण काचेच्या बाटलीत ठेवा, पातळ प्लॅस्टिक ते खातं.

दाटपणाचे तीनच अंदाज लक्षात ठेवा: पाण्यासाठी कोऱ्या चहासारखा, शेतांसाठी ताकासारखा, डोहासाठी श्रीखंडासारखा. मधल्या छटा ब्रशने नको, बोटाच्या दाबाने काढा. बोटाने काम करायचं असेल तर कॅडमियम, कोबाल्ट आणि शिशाचे रंग ताटात नकोतच. हातमोजे घातले की दाब कळत नाही आणि रेषा बोथट होते.

शेवटचं: प्रत्येक फोटोला सगळं चित्र हलवू नका. सगळीकडे हात लागला की पडदा उकळत राहतो आणि बघणाऱ्याला काय पाहावं ते कळत नाही. झरा चालू असताना चित्राचा तीन-चतुर्थांश भाग स्पर्शही न करता सोडा. कोरडा चपटा ब्रश प्रवाहाच्या दिशेने दर वेळी ३ ते ५ मिमी ओढा, चमकेच्या दोन-तीन पुसलेल्या रेघा तेवढ्या पुढे न्या. पाणी पुरेसं वाहतं.

खळ_आणि_खडू

तेलरंगाचा आग्रह सोडला तर निम्मी डोकेदुखी जाईल. गौश, म्हणजे पाण्यात कालवायचा दाट रंग (किंवा शाळेतले पोस्टर कलर, पण त्यात खडू जास्त, उजेडात मळकट दिसतात) आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन. एक चमचा रंगाला पाव चमचा ग्लिसरीन इथून सुरुवात करा. काच आधी भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडी करा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर पाण्याचा रंग तिथे गोळा होऊन थेंब धरतो. तरीही धरला तर रंगातच साबणाच्या पाण्याचा एक थेंब. पुसायला पाणी, वास नाही, चिंध्या पेटायची भीती नाही.

उणी बाजूही सांगायला हवी. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात हा रंग रात्रीत पातळ होऊन उतरतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात तोच रंग दुपारपर्यंत कडेने वाळतो. म्हणजे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावं लागतं आणि शॉट सुरू असताना ते बदललं की छटा बदलते. तेलाला हा ताप नाही, हे मान्य. पण दोन मिनिटांच्या पहिल्याच प्रयोगाला मी गौशच म्हणेन.

दुधी_उजेड

गौशला विरोध नाही, पण त्यात डोह जमणार नाही. श्रीखंडासारखा दाट गौश ग्लिसरीन घालूनही तासाभरात वरून कातडी धरतो आणि ती सरकवली की सुरकुत्या पडतात. पहिल्या चार ओळी गौशमध्ये आणि शेवट तेलात असं मात्र करू नका. दोन्हींचा उजेड वेगळा पडतो, सांधा ओरडून दिसतो.

कलम_सत्तावन्न

परवानगीपुरतं बोलतो. भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. बालकवी १९१८ साली गेले. कविता केव्हाच मुक्त झाली आहे, कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मुक्त आहे ती मूळ कविता. तिला कोणी दिलेली चाल, कोणी गायलेलं ध्वनिमुद्रण, कोणी केलेलं भाषांतर यांचे हक्क स्वतंत्र असतात. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं असते आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीवर मोजतात. तेव्हा यूट्यूबवरचं गाणं उचलू नका, वाचन स्वतः मुद्रित करा. वाचणारी व्यक्ती दुसरी असेल तर तिच्याकडून एका पानाचं संमतिपत्र लिहून घ्या. महोत्सवाच्या अर्जात ते मागतात. इंग्रजी सबटायटलसाठीही छापील भाषांतर न घेता नवं करून घ्या.

याच न्यायाने मर्ढेकर (मृत्यू १९५६) २०१७ पासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तिथे परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पुढची फिल्म ठरवताना उपयोगी पडेल.

मात्रा_टाळी

हिशोब ओळींपासून सुरू करा. दोन मिनिटं हा तुमचा आकडा झाला. कवितेचा आकडा मात्रांत आहे आणि तो चित्रांच्या हिशोबाशी फार सोयीने जुळतो.

प्रत्येक ओळ ८ + ८ + १० किंवा ११ मात्रांची आहे. पहिली, दुसरी, सातवी आणि आठवी ओळ २६ मात्रांची, मधल्या चार २७ च्या (पहिल्या ओळीत 'घेउन' आणि सहाव्या ओळीत 'मधुन' म्हणताना ऱ्हस्व). एकूण २१२ मात्रा. शांत लयीत ८ मात्रांना २ सेकंद लागतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ८ मात्रा म्हणजे ४८ फ्रेम, एक मात्रा ६ फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं की एका मात्रेला ३ चित्रं. म्हणजे सगळ्या कवितेला ६३६ चित्रं आणि ५३ सेकंद. दोन ओळींमध्ये एकेक सेकंद श्वास धरला तर सात जागा, आणखी ८४ चित्रं. बरोबर एक मिनिट, ७२० चित्रं.

राहिलं दुसरं मिनिट. शीर्षकाला ८ आणि श्रेयनामावलीला १२ सेकंद सोडा, त्यात रंगकाम नाही. उरलेले ४० सेकंद विनाशब्द: पहिल्या ओळीआधी नुसता झरा १० सेकंद, सहावी आणि सातवी ओळ यांच्यामध्ये वाट डोहापर्यंत पोचायला १८, शेवटी झाडावर १२. ती ४८० चित्रं. एकूण १२००.

चित्रामागे सरासरी १५ मिनिटं धरली तर ३०० तास. दिवसाला ५ तास म्हणजे ६० दिवस. सरासरी फसवी असते. नुसतं पाणी ६-७ मिनिटांत होतं, आणि सगळा देखावा सरकवायचा असेल तर एकेक चित्र ४० मिनिटं खातं, कारण इथे कॅमेरा हलत नाही, अख्खं चित्र पुन्हा रंगवावं लागतं. असे सरकते तुकडे मिळून १० सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. रशियन ॲनिमेटर अलेक्सांद्र पेत्रोव यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्यावर १९९९ साली केलेला काचेवरचा लघुपट साधारण २० मिनिटांचा आहे आणि त्यात २९,००० च्या वर चौकटी रंगवल्या आहेत, म्हणजे जवळजवळ प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. त्याच्याशी आपला वेग ताडून पाहू नये, एवढ्यासाठीच हे लिहिलं.

आता ज्यासाठी हा प्रतिसाद लिहायला घेतला ते. आठ मात्रांचा तुकडा बहुतेक ओळींत शब्दाच्या शेवटी पडतो. पाचवी आणि सहावी ओळ याला अपवाद. पाचवीत आठवी मात्रा 'पांढरी' शब्दाच्या पोटात, 'पां' वर संपते. सहावीत 'कुरणां' नंतर, म्हणजे 'मधुन' च्या आधी. दोन्ही ओळी वाटेच्या आहेत आणि दोन्हींत आवाजाला थांबायला जागा नाही. म्हणून बाकी ओळींत हालचालीचा ताल आठव्या मात्रेवर किंचित सैल करा: ४ ते ६ फ्रेम चित्र तसंच धरा, डोळ्याला दम मिळतो. वाटेच्या दोन ओळींत तिथे अजिबात थांबू नका, बोट पुढे जात राहिलं पाहिजे. नाहीतर कान एक सांगेल आणि डोळा दुसरं.

कृती अशी. आधी आवाज मुद्रित करा, नंतर रंग. वाचणाऱ्याला मेट्रोनोम देऊ नका, वाचन मेलेलं येतं. मनमोकळं वाचून घ्या, मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लहरी बघून प्रत्येक शब्दाची सुरुवात कितव्या फ्रेमवर येते ते एक्सपोजर शीटवर (कितव्या फ्रेमला काय, याचा तक्ता) उतरवा. वर दिलेले आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत. रंगवायचं शीटवरच्या आकड्यांनी. ओळीचा शेवटचा स्वर माणूस हमखास लांबवतो, तिथे आठ-दहा फ्रेम जास्त निघतील. कागदावर पेन्सिलीने २० ते २५ चित्रं काढून आवाजावर ठेवा आणि एकदा सगळं चालवून बघा. वाट डोहाला पोचण्याआधीच सातवी ओळ सुरू होते हे कागदावर कळलं तर पाच मिनिटांचं काम आहे. काचेवर कळलं तर आधीचं चित्र उरलेलंच नसतं.

आणि शब्दाच्या आधी चित्र. 'डोह' ऐकू येण्याच्या ६ ते ८ फ्रेम आधी डोह दिसायला लागला तर दोन्ही एकदम आल्यासारखे वाटतात. नेमके एकत्र ठेवले तर चित्र मागून धावत आल्यासारखं दिसतं.

निळी_काच

मात्रांचा हिशोब बघून आधीचा आराखडा मोडला, वाट आता सलग ठेवते. लुकलुकण्याचं राहिलं. आणि झाड: चाचणीत पाण्यात पाय सोडलेलं दाखवायला पारंब्या काढल्या होत्या, त्या बऱ्या दिसतात का?

उंबर_फांदी

पारंब्या वडाच्या. औदुंबर म्हणजे उंबर, त्याला वडासारख्या लोंबत्या पारंब्या नसतात. त्या काढल्या की मराठी प्रेक्षक पहिल्याच सेकंदाला वड म्हणणार आणि शेवटच्या ओळीचा जीव जाणार. उंबराची ओळख दोन गोष्टींत: खोड फिकट, राखाडी-तपकिरी, आणि फळांचे घोस डहाळीच्या टोकाला नसून थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लगडलेले. पाय म्हणजे काठावरची मुळं, ओल्या मातीतून पाण्यात उतरणारी, गुडघ्यासारखी वळलेली.

काचेवर हे सोपं आहे. डोहाचा काळा चढवून झाला की खोड त्यातूनच पुसून काढा, पूर्ण नाही, अर्धवट, म्हणजे फिकट करडं येईल. फळांसाठी क्विनाक्रिडोनचे ठिपके काडीच्या टोकाने. मुळं पाण्याच्या रेषेखाली गेली की त्यांची कड बोटाने आडवी पुसून मोडा, तेवढ्याने ती पाण्यात आहेत हे कळतं.

प्रतिबिंब काढायचा मोह आवरा. काळिम्याने झाकलेल्या पाण्यात ते दिसणार नाही, आणि रोज त्याची दुप्पट चित्रं रंगवावी लागतील ते वेगळंच.

शटर_पडदा

लुकलुकण्याची चार कारणं असतात, या क्रमाने तपासा.

पहिलं, आणि बहुतेकदा हेच: लेन्सचं ॲपर्चर. इलेक्ट्रॉनिक लेन्समध्ये पाती प्रत्येक फोटोला बंद होतात आणि दर वेळी अगदी त्याच जागी येत नाहीत. एका फोटोत हा फरक दिसत नाही, सलग चालवलं की धडधड दिसते. उपाय: हाताने फिरवायच्या ॲपर्चरची जुनी लेन्स ॲडॉप्टरवर लावणं. ती नसेल तर तुमची लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरवर वापरा, तिथे पाती हलतच नाहीत. लेन्स एफ १.८ असेल तर शार्प पट्टा पावणेदोन सेंमीच्या आसपास राहतो आणि कडा जरा मऊ येतात, पण वरची काच सपाट असल्यामुळे चालून जातं. उजेड जास्त झाला तर तो डिमरने कमी करू नका, लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा.

दुसरं: डिमरच. स्वस्त एलईडी डिमर उजेड खरोखर कमी करत नाहीत, फार वेगाने चालू-बंद करतात. शटर १/१२५ असेल तर कधी जास्त ठोके पकडले जातात, कधी कमी. शटर १/४ किंवा १/२ सेकंद ठेवा, आयएसओ १००, म्हणजे सगळं सरासरीत जातं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे खोलीतला साधा दिवा चालू असेल तर शटर १/५० किंवा त्याहून सावकाशच हवं. तसा तो बंदच असावा.

तिसरं: विजेचा दाब आणि उष्णता. संध्याकाळी दाब पडला की उजेड पडतो. पॅनल १२ व्होल्टचं घेऊन ते बॅटरीवर किंवा चांगल्या एसएमपीएसवर (स्थिर दाब देणारा वीजपुरवठा) चालवा. एलईडी गरम होताना थोडा मंदावतो, म्हणून पहिला फोटो घ्यायच्या आधी अर्धा तास चालू ठेवा आणि मध्ये जेवायला उठलात तरी बंद करू नका.

चौथं: तुम्ही. काचेवर वरून दिसणारं प्रतिबिंब, पांढरा शर्ट, मोबाइलचा पडदा. काळा पुठ्ठा घ्या, मधोमध लेन्सएवढं भोक पाडा, लेन्सखाली लावा. कपडे काळे, फोटो घेताना दर वेळी त्याच जागी उभे राहा.

कॅमेऱ्याचं बाकीचं थोडक्यात. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, फोकस मॅन्युअल आणि रिंगवर टेप, बॅटरीच्या जागी डमी बॅटरीचा ॲडॉप्टर, कारण बॅटरी बदलताना कॅमेरा केसभर हलतो आणि तो धक्का पडद्यावर दिसतो. बटण बोटाने दाबायचं नाही, केबलने संगणकावरून टिपा. ड्रॅगनफ्रेम हे स्टॉप-मोशनचं सॉफ्टवेअर असेल तर मागचं चित्र आताच्या चित्रावर विरळ दिसतं आणि रेषा किती सरकली ते मोजता येतं. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल ३० एमबीच्या आसपास धरा, १२०० चित्रांना ३६ जीबी. रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर प्रत. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो असल्यामुळे थिएटरच्या ४के प्रतीची ३९९६ रुंदीची चौकट कापून घ्यायला जागा आहे, पण कडेची तेवढी मोकळीक ठेवून रंगवा. मुंबईच्या मिफसाठी (माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव) किंवा इतर कुठल्या महोत्सवासाठी थिएटरची प्रत काढायची झाली तर ती बहुधा २४ फ्रेमची असते, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रोजेक्ट २४ वर ठेवा, २५ वर नको. मागून बदललं की मात्रांचा सगळा हिशोब सरकतो.

निळी_काच

लेन्स पूर्ण उघडून तीस फोटो घेतले, धडधड गेली. शेवटचं एक: रात्री काम थांबवून सकाळी सुरू केलं की त्या जागी चित्राला हिसका बसतो. काच जागची हललेली नाही, तपासलं.

दुधी_उजेड

काच नाही, तेल हललंय. रात्रभरात रंगातून तेल सुटून कडेला पिवळट वलय धरतं आणि दाट जागा किंचित बसतात. म्हणून दिवस कधीही चालत्या पाण्यात संपवू नका. ओळीच्या शेवटी, श्वासाच्या जागी संपवा. तिथे चित्र स्थिर असतं, तेव्हा रात्रीचा शेवटचा आणि सकाळचा पहिला फोटो चार फ्रेमच्या डिझॉल्व्हने (एक चित्र दुसऱ्यात विरघळवून) जोडता येतो. सकाळी रंगाला हात लावण्याआधी एक फोटो घ्यायचा, रात्रीच्या फोटोशी ताडायचा, वलय कोरड्या काडीने टिपायचं, दुसरा फोटो घ्यायचा. हे दोन्ही फोटो ठेवा, कुठला जोडायचा ते जुळणी करताना ठरतं.

रात्री काचेवर झाकण हवंच. काचेला न टेकणारं खोकं उलटं घाला. पावसाळ्यात तर खिडकीला जाळी लावल्याशिवाय दिवा लावू नका. उजेडावर येणारे किडे ओल्या रंगात बसतात आणि त्यांना उचलताना चार सेंमी शेत जातं. एखादा बसलाच तर लगेच ओढू नका, फोटो आधीचा वापरा, किडा चिमट्याने सरळ वर उचला आणि तेवढीच जागा त्याच छटेने भरा.

आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सुटते, चुरगळलेल्या ढिगात ती कोंडते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. करडईचं तेलही वाळणाऱ्यांतलंच आहे. झाकणाचा पत्र्याचा डबा, अर्धा पाण्याने भरलेला, टेबलाखाली. प्रत्येक चिंधी त्यात.